खसखस लावण्याआधी एवढे वाचा

रब्बी जवळ आली की एखाद्या गावात बाहेरचा व्यापारी येतो. "खसखस लावा, बी मी देतो, बोंडेही मीच उचलतो," म्हणतो. मग चावडीवर आम्हाला विचारतात, "साहेब, खसखस किराणा दुकानात राजरोस मिळते. मग लावली तर गुन्हा कसा?"

प्रश्न रास्त आहे. खसखस आणि अफू ही दोन वेगळी पिके नाहीत, झाड एकच आहे. दाण्यात तेल असते, नशा जवळजवळ नसते. पण हिरव्या बोंडाच्या सालीत पांढरा चीक असतो. संध्याकाळी बोंडाला चिरा पाडल्या की तो पाझरतो आणि सकाळपर्यंत घट्ट, तपकिरी होतो. तीच अफू. तिच्यात मॉर्फिन, कोडीन, थीबेन ही द्रव्ये असतात. मॉर्फिन कर्करोगाच्या रोग्याची वेदना कमी करते, आणि त्याच मॉर्फिनपासून हेरॉइनही बनते. म्हणून १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने झाडावरच बंधन घातले आहे.

मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांत केंद्र सरकार परवाना देते. तिथे क्षेत्र मोजले जाते आणि माल सरकारलाच द्यावा लागतो. महाराष्ट्रात असा परवाना नाही. २०१२ साली बीड जिल्ह्यात पोलिसांनी उभी पिके पकडली, तेव्हा "आम्ही खसखस लावली" हे सांगून शेतकरी सुटले नाहीत. या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

कायद्याचे सोडा, पाण्याचाही हिशेब बघा. अफगाणिस्तानातील हेलमंड प्रांतात लोकांनी वाळवंटात खोल बोअर पाडले, सौर पंप बसवले आणि अफू पिकवली. सौर पंपाला डिझेल लागत नाही, त्यामुळे उपशाला धरबंध राहिला नाही आणि भूजल खाली गेले. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०२२ मधील २,३३,००० हेक्टर क्षेत्र २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरवर आले. पीक एका हुकुमाने गेले, पण उपसलेले पाणी काही परत आले नाही. बोअरवर जगणाऱ्या आपल्या गावांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा व्यापारी आला तर त्याला एकच विचारा, "खसखस दाण्याची असते, मग तुला बोंड कशाला पाहिजे?" सरळ उत्तर मिळाले नाही तर बी परत करा आणि हरभरा पेरा. केस झाली तर सातबाऱ्यावर नाव तुमचे असते, व्यापाऱ्याचे नाही.