आधी रेंज, मग सक्ती

खेड्यापाड्यांत मोबाईल पोचवण्याचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत असे, की जिथे हंड्यात पाणी नाही आणि दवाखान्यात डॉक्टर नाही, तिथे मोबाईलची चैन कशाला? दुसरे असे, की टॉवर उभा करा, हातात फोन द्या, विकास मागून येईलच. या दोन्ही पक्षांशी माझे भांडण आहे. गेल्या काही वर्षांत सरकारने रेशनपासून रोजंदारीपर्यंत गरिबाचा जवळजवळ प्रत्येक हक्क मोबाईलशी बांधून टाकला आहे. त्यामुळे रेंज ही आता रस्त्याइतकीच प्राथमिक सोय झाली आहे, आणि ती न पुरवता ऑनलाइनची सक्ती करणे हा उघड अन्याय आहे.

चैनीचा आक्षेप आधी घेऊ. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४६.९ टक्के घरांत शौचालय होते आणि ५९.२ टक्के घरांत मोबाईल. या आकड्यांवरून गरिबांना भरपूर बोल लावले गेले. पण शौचालयाला जागा लागते, पाणी लागते आणि एकरकमी मोठा पैसा लागतो. साधा फोन त्याच्या कितीतरी कमी पैशांत येतो आणि पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना गावी आजीजवळ ठेवलेल्या लेकराची खबर फोनवरच मिळते. मेळघाटात बाळंतपण अडले तर १०८ ला फोन लागणे ही उपचाराची पहिली पायरी असते. पोटाला चिमटा काढून माणूस एखादी गोष्ट घेतो, तेव्हा तिची गरज त्याला आपल्यापेक्षा जास्त कळलेली असते, एवढे तरी आपण मान्य करावे.

फोनमुळे कमाई वाढते का, याचे एक पक्के उत्तर केरळातून मिळाले. १४ जानेवारी १९९७ रोजी उत्तर केरळातल्या वडकरा किनाऱ्यावर अकरा मच्छीमारांना गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यावी लागली. त्याच सकाळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या बाजारांत सत्तावीस खरेदीदार मासळीविना रिकाम्या हाताने परतायच्या बेतात होते. भाव किनाऱ्याला लागल्यावरच कळायचा, आणि तिथे तो पडलेला असला तरी दुसरा किनारा गाठण्याइतके इंधन आणि वेळ हातात नसायचा. त्याच वर्षापासून किनाऱ्यावर मोबाईलचे टॉवर उभे राहू लागले आणि त्यांची रेंज समुद्रातही वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत मिळू लागली. होडी पाण्यात असतानाच मच्छीमार बाजाराबाजारांतला भाव विचारून दिशा ठरवू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली या बदलाचा हिशेब मांडला. आधी ५ ते ८ टक्के मासळी वाया जात होती, ती नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. यात सरकारचे अनुदान नव्हते की कुणाची योजना नव्हती.

हा दाखला हाती लागला की दुसरा पक्ष सरसावतो आणि फोन म्हणजेच विकास असे सांगू लागतो. त्याला उत्तर आपल्याच राज्यात आहे. बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला एसएमएसने पाठवणाऱ्या एका व्यापारी सेवेची पाहणी महाराष्ट्रातल्या शंभर गावांत झाली, तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना मालाचा भाव सरासरीने जास्त मिळाल्याचे दिसले नाही, पिकाचे नुकसानही घटल्याचे दिसले नाही. केरळात आणि इथे फरक कुठे पडला? माझ्या मते फरक वाव असण्यानसण्याचा आहे. मच्छीमार सुकाणू वळवून दुसरा किनारा गाठू शकत होता. ज्या शेतकऱ्याने आडत्याकडून आधीच उचल घेतली आहे, ज्याच्या चार क्विंटल कांद्यासाठी दूरच्या बाजार समितीपर्यंत टेम्पो परवडत नाही, त्याला तिथला भाव कळून हळहळण्यापलीकडे काय करता येणार? फोन वाट दाखवतो, पण त्या वाटेने जाण्याची ऐपत देत नाही. म्हणून रस्ता, गोदाम आणि पतपुरवठा यांचा पैसा अ‍ॅपवर वळवण्याला माझा ठाम विरोध आहे.

मग रेंजचा आग्रह कशासाठी? कारण बाजारात फोन वापरणे न वापरणे मर्जीवर असते. सरकारच्या दारात ती मर्जी उरलेली नाही. रोजगार हमीच्या कामावर फोटोची ऑनलाइन हजेरी १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र सक्तीची झाली. रेशन दुकानात पॉस यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सातबाऱ्यावरची पीकनोंद शेतकऱ्याने फोनवरून करायची आहे. अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकर भरावा लागतो. लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी बंधनकारक झाली, आणि तिचा ओटीपी आधारला जोडलेल्या फोनवर येतो. जिथे रेंज नाही तिथे या प्रत्येक ठिकाणी गरिबाला एकच उत्तर मिळते, 'सर्व्हर नाही, उद्या या.' काही अ‍ॅप रेंजशिवायही चालतात, माहिती साठवून मागाहून पाठवता येते, असे अधिकारी सांगतात. पण पाठवण्यासाठी कुणीतरी टेकडी चढून रेंज शोधायचीच असते, आणि त्या पायपिटीची मजुरी कोणी देत नाही. फोटो वर चढला नाही तर घाम गाळलेल्या दिवसाचा पुरावाच राहत नाही.

कागदावर हा प्रश्न जवळजवळ सुटलेला आहे. केंद्राच्या २०२४ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या ६ लाख ४४ हजार गावांपैकी सुमारे ६ लाख २२ हजार गावांत मोबाईल सेवा आहे. पण ही मोजणी गावाची आहे. नंदुरबारमधल्या धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातले एक गाव म्हणजे डोंगरउतारावर दूरदूर विखुरलेले कितीतरी पाडे. एका पाड्यावर रेंज आली की सगळे गाव हिशेबात येते. मधल्या डोंगरामागचे पाडे कोरडेच राहतात. शिवाय वीज गेली आणि बॅटरी उतरली की टॉवरही मुका होतो. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळू शकते आणि त्याची स्वतःची ग्रामसभा भरू शकते. ग्रामसभेसाठी पाडा गाव ठरू शकतो, तर रेंज मोजताना तो का ठरत नाही?

हे काम बाजारावर सोडा, असे म्हणणाऱ्यांनी एक हिशेब पाहावा. तीसचाळीस घरांच्या पाड्यासाठी डोंगरावर टॉवर उभारून खासगी कंपनीचा खर्च निघत नाही, आणि यात तिचा दोषही नाही. नेमक्या याच कामासाठी २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के त्यात जातात, म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच. यातली मोठी रक्कम वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिली. जुलै २०२२ मध्ये केंद्राने सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती योग्यच आहे. तिचे यश मात्र उभ्या टॉवरांवर न मोजता महिन्यातले किती तास फोन लागला यावर मोजले पाहिजे.

मोबाईलने पोरे बिघडतात, म्हाताऱ्यांची खाती लुटली जातात, ही चिंता मला खरी वाटते. सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला, त्याचे मला कौतुक आहे. पण बंद ठेवण्याचा निर्णय ज्याच्याकडे फोन आहे तोच घेऊ शकतो. आणि बिघडण्याची भीती घरात पहिल्यांदा मुलीच्या आणि सुनेच्या फोनवर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या स्त्रिया शहरांत ६९.४ टक्के होत्या, खेड्यांत ४६.६ टक्के. तिच्या नावावरच्या पैशाचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येत असेल, तर तो पैसा तिचा किती राहतो?

रेंज येईपर्यंत कागदी मस्टर आणि रेशनची वही परत आणा म्हटले की भ्रष्टाचार वाढेल असे उत्तर येते. वहीत खोट्या नोंदी होत होत्या, हे खरे. पण चोराला धरण्यासाठी कष्टकऱ्याची मजुरी बुडवणारी व्यवस्था न्याय्य ठरत नाही, आणि वहीवर देखरेख ठेवायला ग्रामसभा आहे. पाड्याच्या ग्रामसभेने रेंज असल्याचा ठराव दिल्याशिवाय त्या पाड्यावर कुणाचीही हजेरी, रेशन किंवा अनुदान ऑनलाइन नोंदीसाठी अडवू नये, असा शासन निर्णय महाराष्ट्र सरकारने काढावा. केंद्राच्या योजनांसाठी दिल्लीकडे पाठपुरावा करावा लागेल. लाडकी बहीण मात्र राज्याची स्वतःची योजना आहे, तिच्यापुरता निर्णय मुंबईतच घेता येतो.