शिदोरीचे गणित

आमचे आजोबा नाकाडोंगरीच्या रानात शिकारीला निघत, तेव्हा आजी शिदोरी बांधून देई. भाजलेले पोहे, शेंगदाणे, गूळ आणि तिळाचे लाडू! १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदूक खुंटीला गेली. शिदोरी तेवढी राहिली.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच रानवाटेने पायी निघालो. पिशवीत केळी आणि संत्री! दुपारपर्यंत खांदा भरून आला, पोट मात्र रिकामेच. घरी येऊन पुस्तक उघडले. एका ग्रॅम स्निग्धांशात ९ उष्मांक, साखरेत ४, पाण्यात शून्य. शेंगदाण्याचे तर जवळजवळ निम्मे वजन तेलाचेच. म्हणजे मी दिवसभर पाणीच वाहिले होते!

आजी शाळेची पायरी चढली नव्हती. पण ओझे कोणाच्या खांद्यावर पडणार, हे तिला ठाऊक होते.