सगळं आभाळावर ढकलू नका

पूर्वी आमच्याकडे धान बुडाला की लोक म्हणायचे, "देवाची मर्जी." मग कचेऱ्या वाढल्या आणि कागदावर 'नैसर्गिक आपत्ती' आली. आता त्याहून भारी शब्द आला आहे, 'क्लायमेट चेंज'. शब्द तीन झाले, पण वापर एकच: पुढचा प्रश्न विचारू द्यायचा नाही. माझं भांडण या शब्दाशी नाही. शब्द खरा आहे. भांडण आहे ते त्याला खोटा म्हणणाऱ्यांशी, आणि त्याहून जास्त त्याच्या आड लपणाऱ्यांशी.

आधी खोटा म्हणणाऱ्यांचं बघू. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर असे दोन-तीन विद्वान रोज भेटतात. मोबाईलवर आलेला व्हिडिओ दाखवून सांगतात, "हवामान का आजच बदललं का गा? ते तं आधीपासूनच बदलून राह्यलं!" बरोबर आहे. हिमयुगं आली आणि गेली. पण शेवटचं हिमयुग संपताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत १८०च्या आसपासवरून २८०च्या आसपास पोचायला हजारो वर्षं लागली होती. गेल्या दोनशे वर्षांत, कारखाने सुरू झाल्यापासून, तो २८० वरून ४२० च्या पुढे गेला. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे १९५८ पासून तो सतत मोजला जातो. सुरुवातीला आकडा ३१५ च्या घरात होता. बैलबंडीही चालते आणि ट्रकही चालतो, म्हणून दोघांची धडक सारखी होत नाही.

"पण हा वायू माणसाचाच कशावरून?" हाही प्रश्न ठेल्यावर येतो. त्याचंही उत्तर आहे. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं रान. झाडं हवेतून हलका कार्बन जास्त घेतात. त्यामुळे कोळसा जाळला की हवेतला कार्बन हलका होत जायला हवा, आणि मोजमापात तो तसाच होताना दिसतो. सूर्य जास्त तापला म्हणून पृथ्वी तापली म्हणावं, तर हवेचे खालचे-वरचे सगळे थर तापायला हवे होते. तसं झालेलं नाही. खालचा थर तापतो आहे आणि वरचं स्थितांबर थंड होतं आहे. ही खूण पांघरुणाची आहे, चुलीची नाही.

आता हे आमच्या बांधीपर्यंत कसं येतं ते सांगतो. हवा एक अंशाने तापली तर तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून ती जास्त वेळ पाणी धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम ओतते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आमच्या म्हाताऱ्यांनी हा निबंध वाचलेला नाही. पण मृगात टाकलेले पऱ्हे पिवळे पडेपर्यंत पाऊस थांबतो आणि रोवणी झाली की धुरे फोडून जातो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पऱ्हे तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की रोवणी व्हायला पाहिजे. महिना उलटला की फुटवे कमी पडतात आणि पीक तिथेच अर्धं हरतं. वर्षाच्या पावसाची बेरीज बरोबर भरली म्हणून धान पिकत नाही. पाणी कोणत्या आठवड्यात आलं, त्यावर सगळं असतं.

म्हणजे बदल खरा आहे. आता या खऱ्या गोष्टीचा खोटा वापर बघा.

एका वर्षी आमच्या शिवारात रात्रभर पाऊस झाला. सकाळी बांध्या आणि नाला वेगळे ओळखू येत नव्हते. नियम असा की महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तरच ती 'अतिवृष्टी'. मापक आमच्यापासून दहा किलोमीटरवर, आणि तिथे पाऊस कमी. म्हणजे कागदावर आमच्याकडे पूर आलाच नव्हता. मी एका कार्यालयात गेलो. साहेब वाईट नव्हते, त्यांनी खुर्ची दिली, चहाही सांगितला. मग म्हणाले, "का सांगू काकाजी, क्लायमेट चेंज आहे. कोण का करणार?" मी म्हटलं, "साहेब, पाऊस आता ठिकठिकाणी वेगळा पडून राह्यला, हेच जर क्लायमेट चेंज, तर मापक गावागावात नको का?" ते हसले आणि फाइल बाजूला ठेवली. विज्ञानाचा शब्द त्यांना फाइल बंद करायला चालला. मापक वाढवायला मात्र तोच शब्द चालत नव्हता.

हेच मोठ्या प्रमाणावर ऑगस्ट २०२० च्या अखेरीस झालं. वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात पाणी शिरलं, नदीकाठची गावं बुडाली आणि पुढे चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत हाहाकार झाला. मोठा पाऊस पडला होता वर, मध्य प्रदेशात. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं. खाली पवनीजवळ गोसेखुर्दचे ३३ दरवाजे. पाऊस वाढला त्याला हवामान बदल जबाबदार, हे मी मान्य करतो. पण धरणातून सुटलेलं पाणी ढगातून पडत नाही, ते नदीच्या वाटेने येतं. त्याला इथवर यायला दिवस-दीड दिवस लागतो. तेवढ्या वेळात म्हातारी माणसं, ढोरं, धानाचे कट्टे, लेकरांची पुस्तकं हलवता येतात. निरोप गावात केव्हा पोचतो, कोण आणतो, दोन राज्यांचे इंजिनिअर एकमेकांशी केव्हा बोलतात, हे वातावरणशास्त्राचे प्रश्न नाहीत. उलट पाऊस बेभरवशाचा झाला म्हणूनच हे प्रश्न आधीपेक्षा जास्त कडक विचारायला हवेत. साप निघतात हे माहीत असलेल्या घरात कंदील जास्त लागतो.

आणि आमच्याकडे कंदील नव्हता असंही नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंदिया १९९९ पर्यंत आमच्यातच होता, तो धरून पूर्व विदर्भात असे हजारो जुने तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. शहरातल्या पाहुण्यांना वाटतं कुणाच्या तरी मामाने बांधले असतील. 'माजी मालगुजारी'चं ते लघुरूप आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणकारांनी जमिनीचा उतार ओळखून ते बांधले. वरचा तलाव भरला की सांडवा खालच्या बोडीत, तिथून बांधीत, मग नाल्यात. धो-धो पाऊस आला तर हे पाणी टप्प्याटप्प्याने अडतं. पावसाने दडी मारली तर तेच पाणी धानाला वाचवतं. पूर आणि दुष्काळ दोन्हींवर एकच औषध. आज ज्याला परिषदांमध्ये 'अनुकूलन' म्हणतात, ते हेच.

मालगुजार साधुसंत होते असं मी म्हणत नाही. वेठीची माती वाहून कितीकांच्या पाठी मोडल्या आहेत. मालगुजारी गेली, फार चांगलं झालं. पण १९५० च्या कायद्याने तलाव सरकारजमा झाले आणि हळूहळू ते कुणाचेच राहिले नाहीत. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, आणि गाळ मात्र गावाकडे. पाळीवर बेशरम माजली, पोटात अतिक्रमण झालं. कधीमधी योजना येते, जेसीबी येतो, तळ खरवडून जातो. तलाव म्हणजे नुसता खड्डा नाही. उथळ कडेच्या पाणवनस्पतींत मासोळ्या अंडी घालतात, आणि त्यावर ढिवरांची चूल पेटते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बायांना सोबत घेऊन बेशरम उपटून देशी वनस्पती लावण्याचं काम केलं, ते यासाठीच. म्हणजे रस्ता माहीत आहे. चालायचं कुणी, एवढाच वाद.

आता शहरातल्या वाचकांशी दोन शब्द. अलीकडे धान लावणाऱ्याकडेही बोट दाखवलं जातं, की साचलेल्या पाण्याच्या बांधीतून मिथेन निघतो. निघतो, खरं आहे. पाण्याखालच्या मातीत हवा पोचत नाही आणि तिथले जिवाणू तो वायू तयार करतात. मधे मधे पाणी काढून बांधी सुकवली तर तो बराच कमी होतो. पण सोडलेलं पाणी परत मिळेल याची खात्री असेल तोच पाणी सोडेल ना! ज्याचा तलाव गाळाने भरला आणि ज्याच्या पंपाला वीज रात्रीची, तो बांधीतलं पाणी जिवासारखं धरून ठेवणार. आमच्या एका बाजूला तिरोडा, दुसऱ्या बाजूला मौदा. दोन्हीकडची औष्णिक केंद्रं मिळून साडेपाच हजार मेगावॉटच्या वर. तो कोळसा फक्त आमच्या बल्बसाठी जळत नाही. हिशेब मांडायचा तर पुरा मांडा. बांधी लिहा आणि वातानुकूलित मॉलही लिहा.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पर्जन्यमापक मंडळाला एक नको, गावाला एक हवा. धरणाचा दरवाजा उघडण्याआधी निरोप शेवटच्या टोल्यापर्यंत गेला पाहिजे, आणि न गेल्यास कोण जबाबदार, त्याचं पद आधीच लिहून ठेवलेलं पाहिजे. तलावांचा कारभार ग्रामसभेकडे द्या, त्यात ढिवर आणि भूमिहीन यांची जागा पक्की ठेवा, आणि गाळ काढताना त्यांना विचारा.

पृथ्वी तापते आहे. ती लगेच थंड करणं भंडाऱ्याच्या हातात नाही. पण तापलेल्या आभाळाखाली पाळ नीट ठेवणं, निरोप वेळेवर देणं आणि पाऊस खरा मोजणं, हे माणसाच्याच हातात आहे. यापुढे कुणी साहेब किंवा पुढारी "क्लायमेट चेंज आहे" म्हणाला, तर मान हलवून परत येऊ नका. म्हणा, "हो जी, आहेच. म्हणून तं विचारून राह्यलो, तुम्ही का केलं?"