डिझेल गाडी घेताना थान उलगडून पाहा

आमच्या व्यापारी बांधवांत डिझेल सेडानची हौस अजून टिकून आहे. परंतु मारुतीने एप्रिल 2020 मध्ये डिझेल सोडले, 2023 मध्ये होंडा सिटी व व्हर्ना यांचेही डिझेल बंद झाले. तेव्हा गिअरवाली डिझेल सेडान म्हणजे आता बहुधा जुनीच. मालेगाव-भिवंडीच्या नित्य फेऱ्या असतील तरच ती परवडते. शहागंज ते घर एवढ्यासाठी पेट्रोल बरे. व्याजाचा हप्ता नको, म्हणून नगद घेणाऱ्याने तर दुकानाचे भांडवल किती अडकते ते आधी पाहावे.

डिझायर (1248 सीसी) व टोयोटा इटिऑस (1364 सीसी) यांत आमचा कौल इटिऑसला. डिझायरचा टर्बो सुमारे 2000 आरपीएमनंतर जोर धरतो. कन्नडच्या घाटात भरल्या गाडीचा गिअर वारंवार उतरवावा लागतो. इटिऑस खालूनच ओढते. आतली सजावट डिझायरची सरस, हे मान्य. पण घाट सजावटीने चढत नाही.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. बॉनेट आधीच गरम लागले तर परत फिरावे. चढावर क्लच घसरतो का ते बघावे, नोंदणीची 15 वर्षे मोजावीत. शरियतने ऐब लपवून माल विकणे नाजायज ठरविले आहे; मग तो विचारायला आपण का लाजावे? ऐब कळला की मगच भावाचे बोलावे.