सौद्यातील तीन अक्षरे

आपल्या अनेक पेढ्यांतील नवी पिढी आता परदेशी माल पाठवू आणि तेथून मागवू लागली आहे. दर, प्रत, वजन आणि वायदा यांची पारख तिला घरातूनच लाभलेली असते. मात्र परदेशी करारात दराच्या शेजारी एफओबी, सीआयएफ अशी तीन अक्षरे असतात आणि त्यांवरून नजर सहज पुढे सरकते. माल सुखरूप पोहोचतो तोवर त्यांची आठवणही होत नाही. नुकसान झाले, की निवाडा मात्र त्याच अक्षरांवरून होतो.

ही अक्षरे ‘इनकोटर्म्स’ या नियमावलीतील आहेत. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने ती प्रथम १९३६ साली प्रसिद्ध केली. २०२० च्या आवृत्तीत अशा ११ संज्ञा आहेत. खर्च कोठपर्यंत कोणाचा आणि जोखीम कोठपर्यंत कोणाची, हे प्रत्येक संज्ञा ठरवून देते. या दोन्ही सीमा एकाच ठिकाणी असतील असे आपण गृहीत धरतो आणि तेथेच फसगत होते.

समजा, वाशीच्या एका व्यापाऱ्याने मोझांबिकची तूर ‘सीआयएफ न्हावा शेवा’ या अटीवर घेतली. मालाची किंमत, विमा आणि जहाजाचे भाडे हे तिन्ही दरात धरलेले आहे. तेव्हा माल आपल्या बंदरात उतरेपर्यंत जोखीम विक्रेत्याची, असे त्याला वाटते. वस्तुतः विक्रेता भाडे न्हावा शेवापर्यंत भरतो, पण तिकडच्या बंदरात माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे येते. वाटेत वादळात कंटेनरमध्ये समुद्राचे पाणी शिरून तूर भिजली, तर त्याची भरपाई विक्रेत्याकडे मागता येत नाही. विम्याचा आधार घ्यावा, तर सीआयएफमध्ये विक्रेत्यावर किमान संरक्षणाचाच, म्हणजे ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस सी’ या प्रकारचा विमा उतरवण्याचे बंधन असते. त्यात आग लागणे, जहाज बुडणे, टक्कर होणे अशी मोजकी कारणे येतात. कंटेनरमध्ये पाणी शिरणे किंवा चोरी येत नाही. एका वीसफुटी कंटेनरमध्ये वीस टनांहून अधिक तूर मावते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अज्ञानाची किंमत कळते. व्यापक संरक्षणाचा ‘ए’ प्रकारचा विमा हवा असल्यास तसे सौद्यातच लिहून घ्यावे. किंवा सीआयपी ही अट घ्यावी. २०२० च्या नियमांनुसार तीत ‘ए’ प्रकारचाच विमा विक्रेत्याला उतरवावा लागतो, करारात वेगळे ठरले नसेल तर.

आता उलट बाजू पाहू. सांगलीचा हळदीचा व्यापारी ‘एफओबी न्हावा शेवा’ या अटीवर माल विकतो. कंटेनर टर्मिनलच्या फाटकातून आत गेला, की आपले काम संपले अशी त्याची समजूत असते. परंतु एफओबीमध्ये माल प्रत्यक्ष जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याचीच राहते. जहाजाची वाट पाहत कंटेनर टर्मिनलमध्ये काही दिवस उभा राहतो. माल आपल्या ताब्यात नाही, पण नुकसान झाल्यास ते आपलेच, अशी त्या दिवसांतील स्थिती असते. म्हणून कंटेनरच्या मालासाठी एफसीए ही अट अधिक योग्य मानली जाते. तीत ठरलेल्या ठिकाणी माल खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे सोपवताच विक्रेत्याची जोखीम संपते. ग्राहक एफओबीवरच अडून राहिला, तर गोदामापासून जहाजापर्यंतचा विमा आपण स्वतः उतरवून ठेवावा.

पुढील करारावर सही करण्यापूर्वी वाचकांनी एवढे करावे: जोखीम नेमकी कोणत्या ठिकाणी हस्तांतरित होते, हे कागदावर पाहावे आणि त्या जागेच्या अलीकडे व पलीकडे कोणाचा कोणता विमा आहे, हे विचारून घ्यावे. दिलेला शब्द पाळणे ही आपल्या पेढ्यांची जुनी रीत आहे. तो शब्द परक्या भाषेतील तीन अक्षरांचा असला, तरी त्याचा अर्थ आधी समजून घेणे हाही त्याच रीतीचा भाग होय.