कल्चरची नोंद जिल्ह्याजिल्ह्यात व्हावी आणि ती सर्वांसाठी खुली असावी

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवरील पाळत प्रयोगशाळेतल्या एका बशीपासून सुरू होते. रुग्णाचे रक्त, लघवी किंवा पू पोषक माध्यमावर ठेवला की एक-दोन दिवसांत जिवाणू वाढतात. ते नव्या बशीत पसरून त्यांच्यावर औषधांच्या चकत्या ठेवल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजले जाते. वर्तुळ पुरेसे मोठे असेल तर औषध लागू पडण्याची शक्यता असते. वर्तुळ नसेलच तर ते औषध निरुपयोगी ठरते. दवाखान्यात या तपासणीला नुसते ‘कल्चर’ म्हणतात. एका कल्चरवरून एका रुग्णाचे औषध ठरते. एका जिल्ह्यातली हजारो कल्चर एकत्र मांडली, तर त्या जिल्ह्यात कोणते औषध संपत आले आहे ते कळते. ही मांडणी संगणकावर सतत करत राहणे, याचेच नाव इलेक्ट्रॉनिक सर्वेक्षण.

त्यासाठी लागणारी आज्ञावली नवी नाही आणि महागही नाही. बॉस्टनमध्ये डॉ. थॉमस ओब्रायन आणि डॉ. जॉन स्टेलिंग यांनी १९८९ पासून विकसित केलेले ‘हूनेट’ जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्रामार्फत फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. त्याच्यासोबत ‘बॅकलिंक’ येते. प्रयोगशाळेतल्या यंत्रांमध्ये आधीच साठलेली माहिती ते हूनेटच्या साच्यात बसवते, त्यामुळे तीच माहिती पुन्हा हाताने भरावी लागत नाही. एकाच वॉर्डात एकाच प्रकारचा प्रतिरोध दाखवणारे जिवाणू थोड्या दिवसांत अनेकदा सापडले, तर असा पुंजका संगणकावर शोधून काढता येतो. कागदी रजिस्टरात ही गोष्ट सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही.

नोंद कशी केली जाते, यावर तिची किंमत ठरते. अनेक प्रयोगशाळा अहवालात फक्त ‘लागू’ किंवा ‘लागू नाही’ एवढेच ठेवतात आणि मिलिमीटरचा आकडा फेकून देतात. लागू-नालागूची सीमारेषा ठरवणारे निकष मात्र वेळोवेळी बदलतात. आकडा जपलेला असेल तर जुनी नोंद नव्या निकषावर पुन्हा तपासता येते; शब्द उरला असेल तर ती वर्षे वाया जातात. दुसरा नियम असा, की एका रुग्णाचा एक जिवाणू मोजणीत एकदाच धरायचा. अतिदक्षता विभागात महिनाभर असलेल्या रुग्णाचे कल्चर पुन्हापुन्हा होते आणि ते प्रत्येक वेळी मोजले, तर प्रतिरोध आहे त्याहून मोठा दिसतो. एखाद्या जिवाणूचे वर्षभरात किमान ३० नमुने असल्याशिवाय त्याची टक्केवारी काढू नये, हाही रूढ दंडक आहे.

भारतात अशा सर्वेक्षणाची दोन मोठी जाळी आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे ‘नार्स-नेट’ प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमधून हूनेटवर माहिती गोळा करते आणि ती जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ग्लास’ या यंत्रणेकडे पाठवते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे जाळे २०१३ मध्ये सुरू झाले. मुंबईचे हिंदुजा रुग्णालय, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्रामची महात्मा गांधी संस्था त्यात आहेत. परिषदेच्या अहवालांनुसार इमिपेनेम हे औषध ई. कोलाय या जिवाणूवर २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के नमुन्यांत लागू पडत होते आणि २०२२ मध्ये ते प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवर आले. क्लेब्सिएला या दुसऱ्या जिवाणूच्या बाबतीत ही घसरण सुमारे ५९ वरून ४२ टक्क्यांपर्यंत झाली. साधी औषधे हरल्यावर शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाची ही अवस्था आहे.

हे आकडे भयंकर आहेत, पण ते सगळ्या जनतेचे नाहीत. ते मोठ्या रुग्णालयांत पोहोचलेल्या, बहुधा आधी दोन-तीन औषधे घेऊन झालेल्या रुग्णांचे आहेत. तालुक्याच्या गावात लघवीच्या जळजळीवर पहिल्यांदाच औषध घेणाऱ्या बाईच्या जिवाणूंबद्दल ते काहीही सांगत नाहीत. म्हणून तिला उपचार देणारा डॉक्टर एक तर सवयीचे औषध लिहितो, नाही तर मोठ्या शहराचे आकडे मनात धरून गरजेपेक्षा जहाल औषध देतो. दोन्ही मार्गांनी प्रतिरोधच वाढतो. सरकारी सर्वेक्षणाची खरी उणीव इथे आहे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत आणि प्रत्येक जिल्ह्यातल्या डॉक्टरच्या टेबलावर त्या जिल्ह्याचा अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जिवाणूवर कोणते औषध किती टक्के लागू पडते याचा तक्ता, असायला हवा. केरळने २०१८ मध्ये प्रतिरोधाविरुद्ध स्वतःचा राज्य कृती आराखडा जाहीर केला आणि पुढे राज्याचे अँटिबायोग्राम प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ते एका भारतीय राज्याला जमले, म्हणजे हे काम आवाक्याबाहेरचे नाही.

खासगी प्रयोगशाळांना अशी नोंद कळवण्याची सक्ती करता येत नाही, हा आक्षेप टिकणारा नाही. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणे मे २०१२ पासून खासगी डॉक्टर आणि प्रयोगशाळांवरही बंधनकारक आहे. त्यासाठी ‘निक्षय’ ही संगणकीय यंत्रणा उभी राहिली आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेने नोंद न करणाऱ्यावर कारवाईची तरतूद झाली. एका जिवाणूसाठी जे मान्य झाले, ते रक्तातल्या क्लेब्सिएलासाठी अमान्य करण्याचे कारण नाही. गुप्ततेचा मुद्दा तर इथे आणखी सौम्य आहे. क्षयरोगाचा पाठपुरावा करायला रुग्णाचे नाव आणि पत्ता लागतो. प्रतिरोधाच्या सर्वेक्षणाला वय, लिंग, वॉर्ड, नमुना, जिवाणू आणि मिलिमीटर एवढे पुरते. एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावाऐवजी सांकेतिक क्रमांक चालतो. आपल्या वॉर्डातले जिवाणू उघड होतील ही रुग्णालयांची भीती खरी आहे. म्हणूनच प्रसिद्धी रुग्णालयाच्या नावाने न करता जिल्ह्याच्या नावाने करावी.

खर्च लागतो तो संगणकाच्या आधीच्या टप्प्यावर. जिल्हा रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे पद भरलेले नसेल, चकत्या मुदतबाह्य असतील आणि कल्चरसाठी रुग्णाला शहरात पाठवावे लागत असेल, तर कोणत्याही आज्ञावलीत भरायला काहीच उरत नाही. कोलिस्टिनसारख्या अखेरच्या औषधाची तपासणी चकतीने विश्वासार्ह होतच नाही, तिला वेगळी पद्धत लागते. म्हणून राज्य शासनाने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पूर्णवेळ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नेमावा, तिथले कल्चर रुग्णाला मोफत करावे, सरकारी आणि खासगी प्रयोगशाळांना मूळ आकड्यांसह निनावी नोंद कळवण्याचे बंधन घालावे आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक जिल्ह्याचा अँटिबायोग्राम मराठीत छापून तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यापर्यंत पोहोचवावा.