मी येथे खुशाल आहे

मैत्रिणींनो, आठवीच्या मुलींना पत्रलेखन शिकवताना पहिलं वाक्य आम्ही ठरलेलंच देतो : 'मी येथे खुशाल आहे.' मुलगी वसतिगृहात असो, आजोळी असो, तापाने फणफणलेली असो, पत्रात ती खुशालच! परवा माझ्या धाकट्या नणंदेने जपानहून फोनवर एक हकिगत सांगितली, आणि तेव्हापासून ते वाक्य फळ्यावर लिहिताना माझा हात अडखळतो.

नणंद तीन वर्षं झाली, नागोया शहरात राहते. तिचे यजमान तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनीयर आहेत. गेल्या मे महिन्यात एका दुपारी दारावरची घंटा वाजली. बाहेर दोन अमेरिकन मुली. लांब झगे, छातीवर नावाची काळी पट्टी आणि तोंडी अडखळतं जपानी. मॉर्मन पंथाच्या प्रचारिका होत्या. नणंद आमची सडेतोड. म्हणाली, "बायांनो, देव बदलायचा माझा विचार नाही. पण उन्हातून आलात, तर चहा घेऊन जा." तर त्या चहाही नको म्हणाल्या! दारू-तंबाखूप्रमाणे चहा-कॉफीही त्यांच्या पंथात वर्ज्य. आणि पाठवणी कुठे, तर ज्या देशात पाहुण्यापुढे आधी चहाचा पेला येतो तिथे! शेवटी तोडगा निघाला तो 'मुगीचा'चा, म्हणजे भाजलेल्या जवाच्या पाण्याचा. नावात चहा असला तरी त्यात चहाचं पान नसतं. जपानी घरांतून उन्हाळाभर त्याची गार सुरई भरलेली असते.

मग त्या अधूनमधून येऊ लागल्या. त्यांच्याकडून नणंदेला जे कळलं ते ऐकून मी थक्क झाले. या पंथाचं मुख्य ठाणं अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला. तिथले मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष अशा प्रचाराला जातात. अठरा-एकोणीस-वीस ही वयं! पगार नाही, उलट खर्च स्वतःचा नाहीतर घरच्यांचा. कुठे जायचं ते आपण निवडायचं नाही, वरून पत्र येईल तो देश आपला. जोडीदारीण कोण, तेही वरूनच ठरणार. तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि काही आठवड्यांनी ती बदलली तरी हूं का चूं करायचं नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, तेवढा आपला. त्यातच धुणं, बाजारहाट, झाडलोट आणि घरी पत्र लिहिणं. पत्र म्हणजे आता ईमेलच. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत तर घरी फोन करायचा तोही वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. त्यानंतर दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली.

जपानात हे 1901 सालापासून चालू आहे. मध्ये 1924 ते 1948 खंड पडला तेवढाच. पहिल्यांदा योकोहामाला उतरलेल्या चौघांतला आल्मा टेलर जेमतेम 19 वर्षांचा होता. तो 1910 पर्यंत राहिला, भाषा शिकला आणि त्यांच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर करूनच परतला.

या दोघींतली धाकटी आयडाहो राज्यातली, बटाट्याच्या शेतावर वाढलेली. तिच्या एकेक फजित्या! संडासातल्या सपाता वेगळ्या असतात, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याच घालून ती एका आजीबाईंच्या चटईच्या खोलीत गेली. आजीबाई तोंडावर हात धरून हसत सुटल्या. घरातल्या टबात साबण लावायचा नसतो, आधी बाहेर स्वच्छ आंघोळ करून मगच त्या गरम पाण्यात बसायचं, कारण तेच पाणी मागाहून घरातल्या बाकीच्यांना वापरायचं असतं, हेही तिला उशिराच कळलं. कचऱ्याचे वार ठरलेले. जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी चिठ्ठी लागून तिथेच राहिली.

पण सगळ्यात तिला चकवलं ते नकाराने. लोक दारात वाकून नमस्कार करत, हसत, "चोत्तो..." म्हणजे "जरासं..." एवढंच म्हणत आणि वाक्य तिथेच सोडून देत. पोरीला वाटे, येणार बरं का हे रविवारी! नणंदेने तिला समजावलं, "अगं, आम्ही नाही का 'बघू हं' म्हणतो, त्यातलंच हे. ते 'नाही'च असतं."

आणि जूनमध्ये पावसाची झड लागली. एका सोमवारी दोघी आल्या त्या भिजूनच. मऊ भात आणि पिठलं पुढे येताच धाकटी ढसाढसा रडायला लागली. दिवसभर दारं बंद होतात, रात्री भाषा डोक्यात शिरत नाही, तिला घरी जायचं होतं. पण मुदतीआधी परतलं तर गावात चार जण विचारणार, आई-वडिलांची मान खाली जाणार. "घरी काय लिहितेस?" नणंदेने विचारलं. "सगळं छान आहे म्हणून लिहिते."

नणंद म्हणते, "वहिनी, मी तिला काही शहाणपण शिकवलं नाही. एवढंच म्हटलं, आज आईला खरं लिही."

पुढच्या आठवड्यात मुलगी आली ती आईचं उत्तर घेऊन. आईने उपदेश केला नव्हता की धीराच्या गोष्टी सांगितल्या नव्हत्या. यावंसं वाटलं तर ये, तुझी खोली तशीच आहे. राहावंसं वाटलं तर राहा. दोन्हींत मला तू सारखीच, एवढंच लिहिलं होतं. आणि गंमत बघा, ती राहिली! ऑगस्टमध्ये दुसऱ्या गावी बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला आली ती हसतच.

हे ऐकून मी म्हटलं, "अगं, ही तर आपली नवी नवरीच!" अनोळखी घर, न निवडलेली सोबत, सगळ्या रीती उलट्या, आणि माहेरी मात्र 'खुशाल'. फरक एवढाच, की त्या मुलीला दीड वर्षाने परतीचं तिकीट असतं. आपण लेकीला 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणून निरोप देतो आणि दार लोटून घेतो. दार उघडं ठेवलं तर ती पळून येईल, ही धास्ती. पण दार उघडं आहे एवढं माहीत असलं, तर कित्येकींना त्याच बळावर उभं राहता येतं. आणि जिला खरोखरच यायला हवं, ती वेळेवर येते.

फोनवर नणंद जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "वहिनी, पहिल्या हिवाळ्यात मी रोज रडत होते. आईला कधी कळू दिलं नाही." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी मुकाट्याने फोन त्यांच्या हातात दिला. मायलेकी तासभर बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

जाता जाता : मुगीचा घरी सहज होतो. सालं काढलेले दोन मोठे चमचे जव कोरड्या कढईत मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत भाजा. लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा, गार करा. साखर नको. शेजारी नवी सून आली असेल, तर पेलाभर तिच्यासाठीही ठेवा. आणि ती 'मी मजेत आहे' म्हणाली, तर लगेच उठू देऊ नका तिला. आणखी एक पेला भरा.